कॅरियरवरची जागा

दुष्काळात सगळं सोलापूर वाळलं आणि मी तेवढी फुगले. आज हे हसत सांगता येतं. तेव्हा कुणी नुसतं गमतीनं म्हटलं तरी माझ्या डोळ्यांत पाणी यायचं. बहात्तर सालचा तो दुष्काळ. रेशनवर तांबडा मिलो, म्हणजे परदेशी ज्वारी, मिळायचा. त्याची भाकरी थापताना चिरायची आणि खाताना घशात अडायची. गल्लीतल्या माणसांची गळ्याची हाडं वर आली होती आणि भवानी पेठेतल्या आमच्या बोळात मी एकटीच अशी, जिच्या पोलक्याची शिवण आई सारखी उसवून सैल करत होती. "हिला मिलो मानवला बघा," असं बायका नळावर म्हणायच्या. मिलो परदेशात गुरांना घालतात अशी तेव्हा सगळीकडे बोलवा होती. त्यामुळे मला ते फार लागायचं.

दोष मिलोचा नव्हता, आईचा होता. माझ्याआधीची तिची दोन मुलं जगली नव्हती. तिचं माहेर मंद्रूपचं. तिकडचे तिचे भाऊ त्या वर्षी रस्त्याच्या कामावर खडी फोडत होते. अंगावर मांस असलं की माणूस निभावतं, एवढं एकच वैद्यक तिला ठाऊक होतं. आपल्या ताटातलं ती माझ्या ताटात ढकलायची. माझे वडीलही ढकलायचे. त्यांना मी आप्पा म्हणायची. ते अर्धी भाकरी मोडून माझ्याकडे सरकवायचे आणि म्हणायचे, "खा गं, माजा गिरणीत चा-पाव झालाय." मी खायची. खाण्याच्या बाबतीत मी कधी कुणाचं मन मोडलं नाही.

आप्पा गिरणीत सूतकताईच्या खात्यात होते. पाळी सुटून घरी आले की त्यांच्या भुवयांवर, कानांवर, सदऱ्याच्या पाठीवर कापसाची बारीक रुई बसलेली असायची. आई म्हणायची, आधी अंगणात झटका आणि मग वर या. आमची खोली माडीवर होती आणि खाली घरमालक राहायचे. जिन्याखाली आप्पांची सायकल उभी असायची. काळी, उंच, दणकट सायकल होती ती. मी लहान असताना पुढच्या दांडीवर बसायची, नंतर मागे कॅरियरवर. कॅरियरच्या सळ्या बोचू नयेत म्हणून आप्पांनी जुन्या चादरीच्या तुकड्याची घडी करून सुतळीनं बांधली होती. निळी-तांबडी घडी होती ती. ती जागा माझी होती. तिथे आप्पा पिठाचा डबाही ठेवत नसत, तो हँडलला अडकवत.

सुट्टीच्या दिवशी दुपार कलली की आप्पा मला घेऊन सिद्धेश्वराच्या तळ्यावर जायचे. मी कॅरियरवर बसले की माझ्यासमोर काही दिसायचं नाही, दिसायची ती फक्त आप्पांची पाठ. मशीनच्या तेलाचा, कापसाचा आणि घामाचा मिळून एक वास त्या सदऱ्याला यायचा, कितीही धुतला तरी. मी त्या पाठीवरची रुई एक एक करून वेचायची आणि वाऱ्यावर सोडून द्यायची. आप्पा मागे न बघता बोलत राहायचे. वारा त्यांचे निम्मे शब्द घेऊन जायचा. मी आपली "व्हय, व्हय" करत असायची. घरी आप्पा फार बोलत नसत. सायकलवर मात्र त्यांच्या गप्पांना खळ नसायचा. गिरणीतल्या नकला, लहानपणी विहिरीत मारलेल्या उड्या, आजोबांचा बैल, सगळं मला त्या पाठीकडून कळलेलं आहे. परत येताना एक चढ लागायचा. तिथे आप्पा पायडलवर उभे राहायचे आणि ओरडायचे, "धर गं घट्ट!" मी डोळे मिटून त्यांचा सदरा धरायची. आयुष्यात पुढे पुष्कळ ठिकाणी बसले, पण तसं निवांत कुठे बसले नाही.

पुढच्या वर्षी पाऊस बरा झाला. मी नववीत गेले. एका सुट्टीच्या दिवशी तळ्यावरून परत येताना त्याच चढावर, अर्ध्यात, आप्पा थांबले. पायडलवर उभे राहिले होते ते खाली उतरले. हँडल धरून, मान खाली घालून जरा वेळ उभे राहिले. मी कॅरियरवरच होते. मग ते वळून हसले.

"उतर पोरी. लई जड झालीस की आता."

बाजूच्या चहाच्या टपरीवर चार माणसं बसली होती. त्यातलं एक म्हणालं, "आप्पा, सुताची गाठडी न्हेताय का काय घरला?" सगळे हसले. आप्पाही हसले. मी उतरले आणि घरापर्यंत सायकलच्या मागून चालत आले. माझ्यासमोर ती चादरीची घडी रिकामीच हलत होती. कानशिलं तापलेली, पण रडले नाही. घरी आल्यावर आईनं पोहे पुढे ठेवले तेव्हा रडले, आणि रडत रडत खाल्ले.

त्यानंतर आप्पांनी मला कॅरियरवर घेतलं नाही. आज चेन उतरलीय, आज हवा कमी आहे, आज जाऊ की चालत, असं काहीतरी दर वेळी निघायचं. चालत गेलो तरी आप्पा पूर्वीसारखे बोलत नसत. माणसानं पाठ फिरवली की बोलणं संपतं म्हणतात. आमचं उलटं होतं. पाठ समोर होती तोवरच आमचं बोलणं होतं. मी मनाशी ठरवलं की बारीक व्हायचं. संक्रांतीला सिद्धेश्वराची जत्रा भरते, तिला आम्ही सोलापूरचे लोक गड्डा म्हणतो. दर वर्षी नंदीध्वज आणि सिद्धेश्वराच्या लग्नाच्या अक्षता बघायला आप्पा मला सायकलवरून न्यायचे. यंदाच्या गड्ड्याला मी कॅरियरवर बसून जाणार, बसूनच जाणार. मला दुसरं काही नको होतं. सुंदर दिसायचं नव्हतं, कुणी बघावं असंही नव्हतं. मला माझी जागा परत हवी होती.

आईला सांगितलं, "मला बारीक व्हायचंय."

आई भाकरी थापत होती. ती थांबलीच. "बारीक? त्याला काय करावं लागतंय? गेल्या साली सगळं गावच झालं होतं की." मग माझा चेहरा बघून जरा नरमली. "उपास धर मग. देवबी पावंल आन् अंगबी उतरंल."

डाएट हा शब्द आमच्या बोळात तेव्हा आला नव्हता. खाणं कमी करण्याची एकच रीत ठाऊक होती, ती म्हणजे उपास. मी झपाट्यानं कामाला लागले. सोमवार सिद्धेश्वराचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा, शिवाय चतुर्थी आणि एकादशी. पोरीला देवधर्माची गोडी लागली म्हणून आई इतकी हरखली की उपासाच्या दिवशी तिच्या हातांना दहा बोटांच्या जागी वीस फुटायची. शेंगदाण्याचं कूट मुठीनं घातलेली साबुदाण्याची खिचडी, भगर आणि वर शेंगदाण्याची दाट आमटी, तुपात परतलेली रताळी, गुळाचा शेंगदाणा-लाडू. आमच्याकडे शेंगदाण्याला तोटा नाही आणि उपासाला तो चालतो. एकादशी आणि दुप्पट खाशी म्हणतात, माझी एकादशी आठवड्यातून तीनदा यायची. बाकीच्या दिवशी काल उपास होता म्हणून आई दोन घास जास्त वाढायची.

बोळाच्या तोंडाशी सुताचं गोदाम होतं. तिथे गाठी तोलायचा मोठा काटा होता. त्याच्या लाकडी फळीवर उभं राहिलं की माणसाचंही वजन व्हायचं. काट्यावर एक हमाल चाचा असायचे. दाढी मेंदीनं रंगवलेली, बोलणं गोड. मी श्रावणभर उपास करून मोठ्या तोऱ्यात फळीवर चढले. चाचांनी एक वजन टाकलं, मग दुसरं उचललं, मग मान हलवली.

"बेटी, उपवास छोड दे. तेरा उपवास काटे को भारी पडरा."

मी तशीच पळत घरी आले आणि आईशी भांडले. खिचडीचं पातेलं पुढ्यातून ढकलून दिलं. आईला कळेना की देवाच्या कामात एवढा संताप कशाचा. आप्पा कोपऱ्यात पडून होते, त्यांची रात्रपाळी होती. ते उठून बसले आणि म्हणाले, "राहू दे गं. पोर मागतीया ते दे तिला."

मला हवी होती कडक भाकरी. आमच्या भागात ज्वारीची भाकरी पापडासारखी पातळ थापून, भाजून, वाळवून ठेवतात. ती दिवसेंदिवस टिकते आणि खाताना दातांची परीक्षा बघते. मी शोध लावला की एक कडक भाकरी पाण्यासारख्या पातळ आमटीबरोबर खायला बसलं तर पोट भरायच्या आधी जबडा दमतो. तेवढीच खायची आणि उठायचं. शेंगाची चटणी समोर आली की मी मान फिरवायची. त्या चटणीवरून मान फिरवणं काय असतं ते सोलापूरच्या माणसालाच कळेल. पहिले काही दिवस शाळेत पोटात इतकी आग पडायची की फळ्यावरचा शून्यही मला भाकरीसारखा दिसायचा. जेवताना आप्पा माझ्या शेजारी बसायचे. माझी भाकरी कडाकड वाजायची आणि ते म्हणायचे, "आलं का खडी फोडनारं?" पूर्वीसारखी अर्धी भाकरी मात्र सरकवायचे नाहीत, कारण मी घेणार नव्हते. त्यांच्या ताटात ती तशीच उरायची आणि आई ती झाकून ठेवायची. मला वाटायचं, माझ्यासाठी म्हणून त्यांनाही जेवण जात नाही. मला त्याचं बरं वाटायचं.

व्यायामाचं काय करावं? पोरांना तालीम होती, पोरींना काय होतं? मी दोरीवरच्या उड्या मारायचं ठरवलं. आप्पांनी न विचारता गिरणीतल्या जाड दोराचा तुकडा आणला आणि त्याच्या दोन्ही टोकांना मोडक्या लाकडी कांड्या बसवून मुठी करून दिल्या. ती दोरी घेऊन मी माडीवर पहिली उडी मारली, दुसरी मारली, आणि खालून घरमालकांचा आवाज आला, "वर म्हैस बांदली काय रं?" संपला व्यायाम. ती दोरी खुंटीवर गेली ती पुढे आईनं धुणं वाळत घालायला घेतली.

मग उरलं चालणं. पण चौदा-पंधरा वर्षांच्या पोरीनं नुसतंच चालायचं म्हणजे काय? कुठं निघालीस, कशाला निघालीस, दहा जण विचारणार. बारीक व्हायला चालते असं सांगितलं असतं तर बोळभर हसू झालं असतं. माझ्या मदतीला सिद्धेश्वरच आले. त्यांनी स्थापलेली अडुसष्ट लिंगं सोलापूरच्या भोवतीनं आहेत. काही गल्लीबोळांत, काही शेताच्या बांधाला. भाविक माणसं पायी फिरून त्यांचं दर्शन घेतात. शेजारच्या अक्का नेमानं जायच्या. अक्का तेलुगू, दिवसभर मांडीवर सूप घेऊन विड्या वळणाऱ्या. सकाळी मात्र देवाचे पाय. मी त्यांना म्हटलं, मीही येते, माझा नवस आहे.

"कशाचा?"

"परीक्षेचा."

अक्का डोळे बारीक करून हसल्या. "नवऱ्याचा असंल. मला सांग की, मी काय कुणाला सांगते?" आणि दुपारपर्यंत साऱ्या बोळाला ठाऊक झालं की मी नवऱ्यासाठी लिंगं फिरते.

फिरले मी. थंडी पडू लागली होती. पहाटेचा गिरणीचा भोंगा झाला की अक्कांबरोबर निघायची. मांड्या एकमेकींना घासून सोलायच्या, पाय भरून यायचे. अक्का पुढे टुणटुण चालायच्या आणि मी मागून धापा टाकत. प्रत्येक ठिकाणी कुणी ना कुणी हातावर प्रसाद ठेवायचं. खोबरं, खडीसाखर, केळं, कधी पेढा. देवाचा प्रसाद नाही म्हणता येत नाही आणि मला खायचा तर नव्हता. मी तो रुमालात बांधून आणायची आणि आप्पांना द्यायची. "ठिव तितं. खातो की," असं ते म्हणायचे. मी त्यांच्या उशाशी ठेवायची. एकदा आईनं त्यांचं अंथरूण उचललं तर खाली मुंग्यांची ही मोठी रांग. वाळलेलं खोबरं, काळं पडलेलं केळं, सगळं तसंच. आई माझ्यावरच ओरडली की प्रसाद असा टाकतात का. आप्पा वाकून मुंग्या झटकत राहिले. मी त्याचा फार विचार केला नाही. माझं सगळं लक्ष परकराच्या नाडीकडे होतं. नाडी हळूहळू जास्त लांब उरायला लागली होती.

अक्कांच्या कारखान्यात विड्यांची मागणी वाढली की त्यांचं फिरणं बंद व्हायचं. अशा दिवसांत मी जिन्याखालची सायकल काढायला लागले. आप्पा रात्रपाळी करून झोपलेले असायचे. आधी नुसतीच हातात धरून बोळाच्या टोकापर्यंत न्यायची. मग दांडीखालून पाय घालून कैची मारायला शिकले. पडले, गुडघे फुटले, परकर चेनमध्ये अडकून काळा झाला. मग एके दिवशी धीर करून सीट खाली केलं आणि वर बसले. घामानं निथळायची मी. पण खरं सांगायचं तर सायकल चालवण्याची मला हौस नव्हती. माझं सारं मन मागच्या त्या निळ्या-तांबड्या घडीवर होतं. आईनं एकदा ती घडी सोडून पोतेऱ्याला घ्यायची म्हटली तेव्हा आप्पा एकदम मोठ्यानं म्हणाले, "हात लावू नगं तिला." ते ऐकून माझ्या पोटात इतकं गोड झालं. म्हणजे आप्पासुद्धा वाट बघत होते.

सीट खाली केलेलं त्यांना दिसलंच असणार. मी घाबरून होते. पण सीट तसंच राहिलं. त्यांच्या उंचीला ते फार खाली होतं. मी म्हटलं, विसरले असतील.

संक्रांतीच्या आधी मी पुन्हा गोदामातल्या काट्यावर चढले. या वेळी मुद्दाम आप्पांना बरोबर घेऊन गेले. चाचांनी वजनं टाकली, काढली, पुन्हा काढली. "वा बेटी! आधी गाठ तो कहीं गिराके आई तू," असं म्हणून ते खूश होऊन हसले. मी आप्पांकडे पाहिलं. तेही हसले. चाचा म्हणाले, "आप्पा, तुम भी चढो." आप्पा मागे सरकले. "माजं काय बगायचं? रोजचंच हाय." असं म्हणत ते माझ्या आधीच बाहेर पडले.

गड्ड्याचा दिवस उजाडला. आईनं तिची चॉकलेटी इरकल मला नेसवली. पहिल्यांदाच नेसत होते. आरशात मी काही काडी झाले नव्हते, पण मी मला आवडले. दुपारी रस्त्यानं पांढऱ्या बाराबंदीतली माणसं जाऊ लागली, कुठेतरी हलगी वाजत होती. मी आप्पांच्या आधी खाली जाऊन सायकलीजवळ उभी राहिले. कॅरियरवरची घडी झटकून साफ केली. आप्पा जिना उतरून आले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, सायकलीकडे पाहिलं. मला काय हवं होतं ते त्यांना पुरतं ठाऊक होतं.

"आप्पा, सीट वर करू का?"

"राहू दे. बस."

मी बसले. इरकल सांभाळून, एका बाजूला पाय सोडून, बसले. आप्पांनी टांग टाकली, त्यांचे गुडघे हँडलला लागत होते. सायकल हलली. माझ्यासमोर पुन्हा ती पाठ आली. सणाचा धुतलेला सदरा, त्यावर रुई नव्हती, पण वास तोच होता. मी डोळे मिटले. पाच-सहा महिन्यांची भूक, फुटलेले गुडघे, सोललेल्या मांड्या, सगळ्याचं चीज झालं असं मला वाटलं.

बोळ संपून मोठा रस्ता लागला, आणि मला सदऱ्याच्या आतून एक आवाज ऐकू यायला लागला. चुलीत ओलं लाकूड घातलं की सूं सूं आवाज येतो, तसा. पाठ वर-खाली होत होती. रस्ता सपाट होता. चढ तर परतीच्या वाटेवर होता. आप्पा थांबले. या वेळी वळून हसले नाहीत. सायकल माझ्या हातात देऊन एका बंद दुकानाच्या पायरीवर बसले आणि तोंड उघडून श्वास ओढत राहिले.

मला पहिल्यांदा वाटलं ते माझ्याबद्दलच. मी म्हटलं, "आप्पा, अजून जड आहे का हो मी?"

त्यांनी हातानं नाही नाही केलं. बोलता यायला जरा वेळ लागला.

"तू जड न्हाईस पोरी. त्या दिवशीबी न्हवतीस. माज्यातच दम न्हाय." मग थांबून म्हणाले, "तवा तुला जड म्हनलो, मानसं तुज्याकडं बगून हसली. माज्याकडं कुनी बगितलं न्हाय. बरं वाटलं मला."

"मग सायकल रोज गिरणीत कशी नेता?"

"हातात धरून. टेकायला बरी पडती."

माझ्या डोळ्यांसमोर एकदम सगळं आलं. खाली केलेलं आणि तसंच राहिलेलं सीट. मुंग्या. ताटात उरलेली भाकरी. काखेत कळसा अन् गावाला वळसा म्हणतात, मी तर खरोखरीचाच गावाला वळसा घातला होता. मला त्यांची दया यायला हवी होती. पण आला तो राग. इतका राग की मी भर रस्त्यात, सणाच्या दिवशी, बापावर ओरडले. "मग सांगायचं होतं की! मी कशाला मग—" आप्पा खाली मान घालून म्हणाले, "बापाला लाज वाटती गं." आणि मग, अगदी हळू, "आन् तू लई मन लावून करत होतीस."

लांबून हलगीचा आवाज येत होता. लोक आम्हाला वळसा घालून पुढे चालले होते. अक्षतेची वेळ होत आली होती. मी नाक पुसलं. इरकल वर खोचली, कासोट्यासारखी. सायकल सरळ केली.

"बसा मागं."

"मानसं काय म्हनतील?"

"म्हणतील, सुताची गाठडी न्हेतीया."

त्यावर आप्पा हसले. हसताना पुन्हा खोकले. मग उठून माझ्या मागे आले. मी सीटवर बसले, एक पाय जमिनीवर टेकवून हँडल घट्ट धरलं. मागे मोठा पुरुष बसला की सायकल मागून दबते, पुढचं चाक हलकं होतं. त्याची मी वाट बघत राहिले.

"बसा की आप्पा."

"बसलो की कवाच."

मी मागे वळून पाहिलं. खरंच बसले होते. दोन्हीकडे पाय सोडून, चादरीच्या घडीवर, दोन्ही हातांनी कॅरियर धरून. घरातली सगळी माणसं इतके महिने माझं वजन उतरतंय का तेवढंच बघत होती.

मी सायकल चालवली. रस्त्यातल्या माणसांनी बघायचं तेवढं बघून घेतलं. साडी खोचलेली पोर आणि मागे बाप! एकानं शिट्टीही मारली. गड्ड्यावरून परतताना चढ आला तेव्हा मी पायडलवर उभी राहिले आणि ओरडले, "धरा घट्ट!" आप्पांनी माझा खांदा धरला. एकदाही उतरावं लागलं नाही. परतीच्या गर्दीत अक्का भेटल्या, त्यांनी आम्हा दोघांना पाहिलं आणि कपाळाला हात लावून म्हणाल्या, "असला कसला गं नवस तुझा?"

पुढे आप्पांची गिरणी सुटली. दवाखान्यात न्यायचं, आणायचं, ते सगळं मी त्याच सायकलवरून केलं. दर वेळी ते मागे बसायचे आणि मी पुढे. कधी कधी मागून काहीतरी बोलायचे. मला निम्मं ऐकू यायचं आणि मी "व्हय, व्हय" करायची. आप्पा गेले ते मी मॅट्रिक झाले त्या वर्षी. त्यांची पाठ जमिनीला टेकलेलीच होती तेव्हा, मला दिसली नाही.

माझं वजन नंतर परत आलं. दोन बाळंतपणांनी आणि आईच्या हातच्या चवीनं आणलं. आता डॉक्टर म्हणतात चाला, म्हणून संध्याकाळी मी तळ्याभोवती चालते. मुलानं बूट घेऊन दिले आहेत. आता बाया-माणसांनी नुसतंच चाललं तर कुणी कारण विचारत नाही. परत येताना तो चढ अजून लागतो. माझ्याच वयाच्या बायका तिथे थांबून दम खातात. मीही थांबते. शेजारून एखादा बाप पोरीला मागे बसवून जातो, हल्ली स्कूटरवरून. पोर त्याच्या पाठीला गाल लावून बसलेली असते आणि मी ती दिसेनाशी होईपर्यंत बघत राहते.

लोक म्हणतात, पोरीनं बापाला मागे बसवून गड्डा दाखवला. कौतुकानं म्हणतात, माझी मुलंही त्यांच्या मुलांना तसंच सांगतात. बारीक झाले, सायकल शिकले, आप्पांना चढावरून नेलं, सगळं केलं. मला कॅरियरवर बसून जायचं होतं. तेवढं राहून गेलं.